ओल्या धोतराचं वजन

महादेवप्पांनी कपाळाला भस्म लावलं, देवापुढं हात जोडले, आणि मग वाकून खाटेखालच्या पेटीतून दोन किलोचं लोखंडी वजन काढून कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं. हे चौथं. आधीची तीन आपापल्या जागी बसली होती, दोन बाहेरच्या खिशांत आणि एक आत डावीकडं. वाजू नयेत म्हणून प्रत्येकाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली होती. तरी चौथं बसताना 'टण्' झालंच. महादेवप्पा मोठ्यानं खोकले.

स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"वारं बाधलं का वो?" आतून दाक्षायणीबाईंनी विचारलं.

"व्हय. कोट घालतो."

चैत्र संपत आला होता. सोलापुरात सकाळी आठलाच घराचे पत्रे कडकड वाजत होते आणि वारं असं कुठंच नव्हतं. पण दाक्षायणीबाईंनी पुढची भाकरी तव्यावर टाकली. महादेवप्पांनी कोट चढवला, खांदे मागं टाकले आणि खिशांवरून हात फिरवला. आठ किलो लोखंड, पण एक टाका उसवला नव्हता. धोंडीराम शिंप्यानं हा कोट शिवून बारा वर्षं झाली होती. असं काम आता होत नाही, असं मनाशी म्हणत ते बाहेर पडले.

महादेवप्पा धान्याच्या बाजारात मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर घालायचा, मोजणी मोठ्यानं म्हणायची आणि पावतीवर सही करायची, हे काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं होतं. मोजणी एकपासून सुरू करायची नाही, हा मापाड्यांचा रिवाज. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. शेजारच्या काट्यावरचे इलाहीबक्ष 'बरकत' म्हणायचे, मग दोन, तीन. आणि मोजणी मधेच सुटली, तर सगळी रास पुन्हा पहिल्यापासून मोजायची. अर्धी मोजलेली रास अशुभ. अठ्ठावीस वर्षांत महादेवप्पांची मोजणी एकदाही सुटली नव्हती. अंगावर गांधीलमाशी बसली तेव्हाही नाही. ती डसली तेव्हा ते त्रेचाळीस म्हणाले, एवढंच.

अशा माणसाला पोटात हर्निया झाला. सात रस्त्याजवळच्या डॉक्टर वैरागकरांनी त्यांना तपासलं आणि काट्यावर उभं केलं. दवाखान्यातल्या काट्याचे आकडे एकशेदहाला संपत. काटा तिथं जाऊन आपटला आणि थरथरत उभा राहिला.

"एवढ्या चरबीत टाके धरणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "भूल देणाराही तयार होणार नाही. आधी नव्वदवर या. मग ऑपरेशन."

"आणि न्हाई आलो तर?"

"तर एक दिवस आतडं त्यात अडकेल. मग मला नव्वदची वाट बघता येणार नाही. तुम्हालाही नाही."

दवाखान्याचा काटा अपुरा पडला, म्हणून दर सोमवारी बाजारातल्या काट्यावर वजन करून पावती डॉक्टरांना दाखवायची असं ठरलं. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात पहिली पावती फाटली, किलो एकशेअठरा. बहात्तरच्या दुष्काळात अख्खा जिल्हा वाळला होता, महादेवप्पा वाळले नव्हते. याची त्यांना स्वतःलाच थोडी लाज वाटत असे.

दाक्षायणीबाईंनी पदर खोचला. शेंगांच्या चटणीची बरणी कुलपात गेली. तेलाची धार बंद झाली. एक कडक भाकरी, पालेभाजी, पातळ ताक. महादेवप्पांनी ताटातून मान वर केली की त्या "साकु" म्हणत. दाक्षायणीबाईंचं माहेर मैंदर्गीचं, तिकडं 'बास' म्हणायचं तर साकु म्हणतात. लग्नाला तीस वर्षं झाली तरी महत्त्वाचे शब्द त्यांनी माहेरचेच ठेवले होते. बाहेर खावं म्हटलं, तर त्यांनी नवी पेठेतल्या सगळ्या भजीवाल्यांना स्वतः जाऊन सांगून ठेवलं होतं. एरवी लांबून हाक मारणारे ते लोक आता महादेवप्पा दिसले की कढईत नजर घालून बसत.

आठवड्याला दोन किलो, या हिशेबानं काटा उतरत गेला. त्यानंतरच्या दहाव्या सोमवारी अठ्ठ्याण्णव भरले. शंभराच्या आत आले म्हणून हमालांनी पेढे वाटले. सगळ्यांना मिळाले, महादेवप्पांना सोडून. पेढा चघळत कुंडलिक हमाल म्हणाला,

"आता काय, चार आठवड्यांत टेबलावर. माझ्या चुलत्याला भूल देताना सांगितलं, दहापर्यंत मोज. सातापर्यंत आला आन् तितंच ऱ्हायला."

"मेला?" महादेवप्पांनी विचारलं.

"छ्या! धडधाकट हाय. पर आठ कुटं गेला, त्ये त्याला आजून ठावं न्हाई."

हमाल पोट धरून हसले. महादेवप्पाही हसले, पण त्यांचा हात काट्याच्या दांडीवर होता आणि दांडी हलत होती. पुढच्या रविवारी बाजार बंद असताना त्यांनी किल्ली घेऊन एकट्यानं जाऊन वजन केलं. शहाण्णव. सोमवारी दोन किलोचं पहिलं वजन कोटात गेलं आणि काटा पुन्हा अठ्ठ्याण्णवला उभा राहिला.

तेव्हापासून हे असं चाललं होतं. रविवारी खरं, सोमवारी लोकांसमोरचं.

"आज तरी हाल रे बाबा," काट्याची दांडी सारखी करत इलाहीबक्ष म्हणाले. भोवती हमालांचं कडं जमलं होतं. घाम महादेवप्पांच्या भुवयांवरून टपटप गळत होता.

"अप्पा, कोट तरी काढा की. उकडून चाललाय," एक हमाल म्हणाला.

"वारं बाधतंय."

"हवाच नही तो बाधेगी क्या?" इलाहीबक्ष पुटपुटले आणि दांडीवर नजर रोखून म्हणाले, "अठ्ठ्याण्णव."

कड्यातून एक लांब सुस्कारा आला. इलाहीबक्षनी पावती फाडली. महादेवप्पांनी ती घेताना त्यांच्याकडं पाहिलं नाही. वीस वर्षं दोघं शेजारशेजारच्या काट्यांवर उभे होते आणि एकमेकांची मोजणी कधी तपासली नव्हती.

डॉक्टर वैरागकरांनी पाच पावत्या टेबलावर ओळीनं मांडल्या. मग महादेवप्पांना वरून खाली न्याहाळलं. गळ्याची कातडी लोंबत होती. कोटाची बटणं पूर्वी काजांशी भांडत, आता दोन्ही बाजू एकमेकांवर येऊन वर हातभर कापड उरत होतं.

"कोट सैल झालाय आणि वजन तेवढंच?"

"हाडं जड असतील, डाक्टर."

"बायकोला घेऊन या. घरात काय शिजतं ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

हा निरोप घरी पोचला तेव्हा दाक्षायणीबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे मी चोरून खायला घालती, असं म्हंत्यात डाक्टर?"

"तसं न्हाई गं..."

"मग कसं?"

महादेवप्पांनी खुंटीवरच्या कोटाकडं पाहिलं आणि नजर पटकन वळवली. दाक्षायणीबाई बराच वेळ नवऱ्याकडं बघत राहिल्या. मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"सिद्धेश्वराला गुळाची तुला बोलली हाय मी. तुमच्या वजनाएवढा गूळ. आपरेशन झाल्यावर करायची व्हती. आता आधीच करती. येत्या सोमवारी. काटा काय हलंना, तर देवालाच साकडं घालावं."

"आधी कशाला? काम झाल्यावर द्यायची रीत हाय."

"देवाला उसनं ठिवायला मला न्हाई आवडत."

तुला तळ्यात बुडी मारून, ओलेत्यानं, उघड्या अंगानं करायची असते, हे महादेवप्पांना आठवायला थोडा वेळ लागला. आठवलं तेव्हा हातातलं ताक त्यांनी पाण्यासारखं घटाघटा पिऊन टाकलं.

तो आठवडा त्यांनी उपाय शोधण्यात घालवला. पाणी पिऊन जावं, तर दोन तांब्यांच्या वर जाईना. धोतराच्या निऱ्यांत वजन खोचून बघितलं, तर धोतरच खाली आलं. भरपेट जेवून जावं, तर तुलेच्या आदल्या दिवशी उपास. रविवारी त्यांनी गुपचूप बाजारात जाऊन काट्यावर पाय ठेवला. एकोणनव्वदवर दोन बोटं होते, म्हणजे नव्वदच्याही आत चालले होते. उपासानं नको तिथं काम केलं होतं. नंतर त्यांना एक गोष्ट सुचली आणि जरा धीर आला: ओलं धोतर. ओलं धोतर म्हणजे अर्धा किलो कुठं गेला नाही. बाकी साडेआठ किलोचं काय करायचं, याचं उत्तर मात्र सोमवार उजाडेपर्यंत मिळालं नाही.

सोमवारी सिद्धेश्वराच्या आवारात बाजारातून जुना ताजवा आणून तीन वाश्यांच्या घोडीला टांगला होता. हमाल तर आलेच होते, पण आडतीवरचे दोन जाडे व्यापारीही देव काय करतो ते बघायला आले होते. इलाहीबक्ष चपला बाहेर ठेवून, डोक्यावर रुमाल बांधून ताजव्यापाशी उभे होते. देव कुणाचाही असो, ताजवा बाजाराचा होता.

महादेवप्पा तळ्यातून बाहेर आले. धोतरातून पाणी निथळत होतं. ते पिळायला कुणीतरी हात पुढं केला, तर त्यांनी घाईघाईनं मागं घेतलं. कोट दाक्षायणीबाईंच्या हातावर होता. रिकामा, हलका. सकाळी बाहेर पडताना "आज कशाला कोट," असं ते म्हणाले होते, आणि "आल्यावर वारं बाधंल की," असं म्हणून दाक्षायणीबाईंनीच तो उचलून घेतला होता.

पारड्याशेजारी गुळाच्या ढेपा रचल्या होत्या. दहा-दहा किलोच्या. कुंडलिकनं त्या बोटानं मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"वैनी, नऊच हायत की! अठ्ठ्याण्णवचं माणूस हाय. आनखी येक आनू का पळत जाऊन?"

"साकु," दाक्षायणीबाई म्हणाल्या.

महादेवप्पा पारड्याच्या काठाशी आले होते. तो शब्द ऐकून त्यांचा पाय हवेतच थांबला. त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती गुळाकडं बघत होती.

ते पारड्यात बसले. इलाहीबक्षनी पहिली ढेप उचलली. एरवी ते बरकत म्हणत. आज मित्राच्या देवाच्या दारात त्यांनी मोठ्यानं "लाभ" म्हटलं आणि ढेप समोरच्या पारड्यात ठेवली. दोन. तीन. चार. महादेवप्पांनी डोळे मिटले. पाच. सहा. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ते मापाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते आणि पोत्यांविषयी त्यांना अचानक फार आपुलकी वाटली. सात. आठ. आठव्या ढेपेला पारडं जमिनीवरून सुटायची धडपड करू लागलं.

"नऊ," इलाहीबक्ष म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

महादेवप्पा वर उचलले गेले. दांडी डुलली, डुलली आणि जवळजवळ सरळ झाली. जवळजवळच. महादेवप्पांची बाजू बोटभर खाली होती.

दाक्षायणीबाई पुढं झाल्या, पदराच्या गाठीतून गुळाचा एक वेगळा खडा काढला आणि ढेपांवर ठेवला. दांडी सरळ झाली. काटा मध्यावर असा उभा राहिला की त्यावरून रेघ मारावी.

"हा कसला वो वैनी?" कुंडलिकनं विचारलं.

"ओल्या धोतराचा."

इलाहीबक्ष काट्याकडं बघत राहिले, मग महादेवप्पांकडं, मग दाक्षायणीबाईंच्या हातावरच्या कोटाकडं. कोटाच्या खिशांना वजनांचे चार चौकोनी फुगवटे पडून राहिले होते, इस्त्री केल्यासारखे. इलाहीबक्षनी मिशीवरून हात फिरवला आणि तोंड त्याच हाताखाली ठेवलं.

"आरं पर आट किलो कुटं गेलं?" कुंडलिक ओरडला. "गेल्या सोमवारी अठ्ठ्याण्णव व्हतं! सगळ्यांनी बघितलंय!"

"गूळ बोलल्याबरोबर सिद्धेश्वरानं काढून घेतलं," दाक्षायणीबाई शांतपणे म्हणाल्या.

मग कुंडलिकनं हात जोडले. मग सगळ्यांनी जोडले. कुणीतरी घंटा वाजवली. दोघांपैकी एका जाड्या व्यापाऱ्यानं तिथंच डोळे मिटून ओठ हलवले, आणि पुढची कित्येक वर्षं सोलापुरातली जाडी माणसं सिद्धेश्वराला गूळ बोलत राहिली. त्यातली काही बारीकही झाली म्हणतात. त्यांच्या बायकांविषयी कुणी चौकशी केली नाही.

इलाहीबक्षनी पावती लिहिली. किलो नव्वद. धोतर वजा करून.

"सही?" त्यांनी पॅड पुढं केलं. "की मी करू?"

"आण हिकडं," महादेवप्पा म्हणाले आणि ओल्या हातानं सही केली. शाई थोडी पसरली.

तळ्याच्या काठानं दोघं घराकडं निघाले. महादेवप्पांनी बायकोच्या हातातला कोट घेतला आणि चालता चालता आतला खिसा उलटा केला. अस्तराला लाल दोऱ्याची दुहेरी टीप होती, वाकळेला घालतात तशी, बारीक आणि दाट. धोंडीराम शिंप्यानं जन्मात लाल दोरा वापरला नव्हता.

"कवापासनं?"

"पयल्यांदा खिसा उसवला तवापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"आज बोलतील, उद्या बोलतील म्हून वाट बघितली." त्या थोडं चालल्या. "खिसा फाटून वजन पायावर पडलं असतं तर? येकाच्या जागी दोन आपरेशनं."

महादेवप्पा हसले. हसता हसता थांबले. तळ्यात एक म्हातारा उभा राहून सूर्याला पाणी देत होता. तो ओंजळ सोडेपर्यंत ते बघत राहिले.

"मरायचं भ्या न्हाई गं मला," ते म्हणाले. "त्ये देवाच्या हातात. पर ते भूल देत्यात न्हवं का, तवा मोजायला सांगत्यात. आन् मधीच सुटतं. कुंडलिकच्या चुलत्याचं सुटलं. माझी मोजणी कंदी सुटली न्हाई. सुटली तर रास अर्धीच ऱ्हायली की. मग ती कुनाची?"

बोलून झाल्यावर हे किती वेड्यासारखं आहे ते त्यांच्या ध्यानात आलं. बायको आता हसेल म्हणून ते थांबले.

"बरं," दाक्षायणीबाई म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडायला त्यांचा हात धरला.

नव्वदची पावती बघून डॉक्टरांनी गुरुवार ठरवला आणि सकाळी नऊला त्यांना आत नेलं. दाराशी त्यांनी कोट काढून बायकोकडं दिला. तिनं सवयीनं चारही खिसे चाचपून बघितले.

"रिकामं हायत," महादेवप्पा म्हणाले.

"बघितलं."

टेबल अरुंद होतं आणि वरचा दिवा मोठा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या नाकातोंडावर जाळी धरली. उग्र गोड वास आला.

"आता मोजा. एकपासून."

"लाभ."

"एक म्हणा, एक."

"आमच्यात एकाला लाभच म्हंत्यात, डाक्टर."

"म्हणू द्या त्यांना," तोंडावर फडकं बांधलेले डॉक्टर वैरागकर म्हणाले. "मापाडी आहेत. त्यांना आपण शिकवू नये."

"दोन," महादेवप्पा बाजारातल्या आवाजात म्हणाले. "तीन. चार." पाच म्हणताना दिवा लांब गेला. सहा त्यांना ऐकू आला, पण दुसऱ्या कुणीतरी लांबच्या काट्यावरून म्हटल्यासारखा.

मग छत होतं. छताला पंखा होता. तोंड कडू होतं आणि पोटावर कुणीतरी पोतं ठेवलंय असं वाटत होतं. पण त्यांना पहिली आठवण झाली ती पोटाची नव्हे. सहा. सहाच्या पुढं काय? त्यांनी शोधून पाहिलं. पुढं काहीच नव्हतं.

त्यांनी मान वळवली. शेजारी स्टुलावर दाक्षायणीबाई बसल्या होत्या. मांडीवर कोट, डोळे मिटलेले, अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता आणि ओठ हलत होते. जप करत असाव्यात.

"मोजणी सुटली गं," महादेवप्पा कुजबुजले.

"कुटं सुटली?" त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "दार लागलं तशी मी धरली की."

पंखा एक फेरा फिरला. महादेवप्पांना नीट समजायला तेवढा वेळ लागला.

"कितीवर हाईस?"

"मधी बोलू नका. सहा हजार चारशे एकोणीस." मग त्यांनी डोळे उघडले, नवऱ्याकडं नीट बघितलं आणि अंगठा त्या पेरावरच दाबून धरला. "घ्या आता तुमी. माजं तोंड वाळलं."

महादेवप्पांनी घसा खाकरला. टाके ओढले गेले, पण आवाज खणखणीत निघाला.

"सहा हजार चारशे वीस."